सुईवाल्या मावशींचं वाण

मावशींकडे हळदीकुंकवाला जायचं म्हणजे पैठणी नेसून संत्र्याला इंजेक्शन द्यायचं, हे कॅलिफोर्नियात सनीव्हेलमधल्या आम्हा मराठी बायकांना आधी कळलं असतं, तर त्या संक्रांतीला सगळ्यांना एकदम ताप आला असता.

मावशी नागपूरच्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मुलाकडे आल्यावर इतर आजी-आजोबांसारखं त्यांनी मेथी निवडत बसायला हवं होतं. पण त्या दर गुरुवारी कॅल्ट्रेनने सॅन फ्रान्सिस्कोला जायच्या, व्यसनी लोकांसाठीच्या एका केंद्रात मदत करायला. नशेने किंवा दुखणं थांबवायच्या गोळ्या जास्त झाल्याने श्वास बंद पडला, तर तो परत आणणारं औषध तिथे फुकट वाटत. बारशाला, मुंजीला, कुठेही गेल्या तरी त्या हाच विषय काढायच्या. 'सुईवाल्या मावशी' हे नाव आम्हीच ठेवलं.

त्या लोकांना औषध देऊन काय फायदा, सुधारणार थोडेच, असं मी एकदा शहाणपणाने म्हणाले. त्या म्हणाल्या, "मेलेला माणूस सुधरत नाही, पोरी. आधी जिता ठेव, मंग लेक्चर दे."

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी या औषधासाठी एक टेबल मागितलं. अध्यक्ष फार नम्रपणे म्हणाले, "मावशी, आपल्या कम्युनिटीत हा प्रॉब्लेमच नाही. उगाच इमेज खराब होते." इन्शुरन्सवाल्याला आणि गुडघ्याचे चुंबकी पट्टे विकणाऱ्याला मात्र टेबलं मिळाली. इमेज छान राहिली.

मावशी भांडल्या नाहीत. वाण कुणी नाकारत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. संक्रांतीला त्यांनी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनाच घरी बोलावलं, त्यांना कुंकू लावलं, गजरा माळला. बाईंनी एकेकीचं नाव लिहून घेतलं आणि प्रत्येकीला एक पिशवी दिली. आत त्या औषधाच्या दोन बाटल्या, दोन सुया. माणूस हलवून उठेना, ओठ निळे पडले, की मदतीसाठी नाइन वन वन लावा, तोंडाने श्वास द्या, मांडीत सुई टोचा. सराव संत्र्यावर. मी घाबरत घाबरत सुई धरली, तर मावशी म्हणाल्या, "पाहून काय राहिली? टोच ना! माणसाची कातडी याहून मऊ असते."

अध्यक्षांच्या पत्नी सुलभाकाकू आमच्याच अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. जिन्यातच त्यांनी आपली पिशवी माझ्या हातात कोंबली. "तुलाच राहू दे गं. आमच्याकडे कोण गर्दुल्ला आहे?" पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी खपवायच्या वाट्या आणि कंगवे मी ज्या कपाटात ठेवते, त्यात दोन्ही पिशव्या गेल्या. ऑफिसात मी हा किस्सा अभिनयासकट सांगितला. त्याची मला आजही लाज वाटते.

मार्चमध्ये अध्यक्षांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. दुखणं थांबवायला डॉक्टरांनी जबरदस्त गोळ्या दिल्या. पाडव्याच्या कार्यक्रमात अध्यक्षीय भाषण तर करायलाच हवं. तेवढा वेळ उभं राहता यावं म्हणून त्यांनी दुपारी एकदम तीन जास्तीच्या घेतल्या.

सुलभाकाकू माझ्या दारात अनवाणी उभ्या होत्या. "माझं वाण दे! लवकर!"

पिशवी घेऊन आम्ही खाली धावलो. अध्यक्ष खुर्चीत कलंडले होते. ओठ निळे, घशात घरघर. मी फोन लावला. बाटलीचं झाकण माझ्याच्याने निघेना. काकूंनी ती हिसकावली, "संत्रं, संत्रं" असं पुटपुटत औषध सुईत ओढलं आणि लेंग्यावरूनच मांडीत टोचलं. मग ज्या नवऱ्याचं नाव त्या चारचौघांत घेत नसत, त्याच्या तोंडाला तोंड लावून त्या फुंकत राहिल्या. मी रडत होते. अॅम्ब्युलन्स येता येता अध्यक्षांनी डोळे उघडले आणि ते खेकसले, "लेंग्याला भोक कोणी पाडलं?"

मंडळात 'शुगर कमी झाली होती' असं जाहीर झालं.

काकू मात्र मावशींच्या पाया पडायला गेल्या. मावशींनी त्यांना वरच्या वर धरलं. "पाया नको पडू. सुई कुठं टोचली ते सांग."

"मांडीत."

"बाजूनं ना? मंग पास."

त्याच वर्षी मावशी नागपूरला परतल्या आणि दिवाळीनंतर त्या वारल्याची बातमी आली. त्यांच्यासाठी मंडळाने दोन मिनिटं शांतता पाळली. त्यांना टेबल न देणारे अध्यक्षच त्यांच्या समाजकार्याबद्दल गहिवरून बोलले.

पुढच्या संक्रांतीला मी सुलभाकाकूंकडे गेले. सोफ्यावर गजरा माळलेल्या डॉक्टरीणबाई नावं लिहीत होत्या. तिळगुळाच्या डब्याशेजारी संत्र्यांची टोपली होती. अध्यक्षांनी येता जाता त्यातलं एक सोलायला उचललं, तर काकूंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"ठेवा ते. खायची नाहीयेत."