यंदाची पिल्लं

गेल्या दिवाळीत कुमुदिनीनं नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. "अहो, यापुढे पिल्लं नकोत. माझ्याच्यानं होत नाही." बळवंतराव फोनवर सशांचे फोटो कुणालातरी पाठवत होते. "बिल्कुल," ते म्हणाले. "एवढा सीझन जाऊ दे, मग बघू." त्याच्या आदल्या दिवाळीतही ते हेच म्हणाले होते.

दिल्लीत मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीला लिफ्ट नाही. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि त्याच्याही वर गच्ची. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बळवंतरावांनी कुठलंसं प्रशिक्षण घेतलं, लोहाराकडून जाळीचे पिंजरे करून आणले आणि गच्चीवर ससे पाळले. पहिलं वर्षभर तेच सगळं करायचे. मग गुडघे धरले, आणि त्यांच्याकडे फक्त फोन उरला. नोएडा, द्वारका, पार गुरुग्रामपर्यंतची गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीची झाली. महाराष्ट्र मंडळात त्यांना ससेवाले काका म्हणायचे, आणि शहरात ससे कसे पाळावेत यावर ते तासभर बोलू शकत. पिल्लं पाळायला हवीत की खायला, हे मात्र गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, असा घरात न बोलता ठरलेला नियम होता.

बाकीचं कुमुदिनीकडे आलं. कसं आलं, तेही आता तिला नीट आठवत नव्हतं. यमुनेच्या खादरातून, नदीकाठच्या शेतांतून, सायकलवर येणारा भैया चारा जिन्याच्या तोंडाशी टाकून जायचा. तो तिनं वर चढवायचा. ओला चारा पसरून सुकवायचा, नाहीतर पोटं फुगतात. खालचे ट्रे खरवडायचे. मे-जूनमध्ये पिंजऱ्यांवर गोणपाट टाकून दिवसभर भिजवत राहायचं. तरी एखादा ससा दुपारी आडवा पडायचाच. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळताना बळवंतराव दारातून विचारायचे, "कुठला गं? तपकिरी तर नाही ना?"

उन्हाळ्यात माद्यांना गर्भ राहत नाही. ऑक्टोबर लागला, उष्मा जरा उतरला, की मादीला नराकडे न्यायची वेळ येते. नेहमी मादीच न्यायची. तिच्या पिंजऱ्यात नर सोडला तर ती आपली जागा राखायला त्याच्यावर धावून जाते. मानेमागची कातडी एका हातानं धरायची, दुसरा हात खाली द्यायचा, तरीही मागचे पाय मनगट ओरबाडून काढतात. कुमुदिनीच्या मनगटांवर त्या रेघा कायमच्या झाल्या होत्या. बँकेतल्या मुलीनं एकदा हळूच विचारलं होतं, "आंटी, घर पे सब ठीक है?"

या ऑक्टोबरात ती पहाटे वर गेली, पाणी बदललं, चारा घातला. एका मादीला उचलायला हात घातला, आणि काढून घेतला. ठरवून असं काही नाही. हात उचलेना, इतकंच. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं ठरवून नेलं नाही.

पंधरा दिवसांनी बळवंतरावांनी विचारलं, "पोट चाचपून पाहिलंस का? गाभण आहेत?"

"हाताला काही लागत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"एकही नाही? यार, नरातच काहीतरी गडबड आहे. गर्मीनं होतं असं." ते फोनमध्ये शोधत बसले. आठवड्याभरात सोनिपतहून नवा नर आला, पांढरा, धिप्पाड. खोक्यातून काढताना बळवंतराव त्याच्याशी लाडानं बोलत होते. "द्वारकेच्या अनुरागला संक्रांतीच्या आत दोन जोड्या द्यायच्यात," त्यांनी तिला सांगितलं. "शब्द दिलाय मी."

कुमुदिनीनं नव्या नराला चारा घातला. आता खाणारं आणखी एक तोंड वाढलं होतं.

नोव्हेंबरात हवा धुरकट झाली, तिचा खोकला सुरू झाला. "वर जाते," म्हणून ती एका सकाळी उठली, तर बळवंतराव म्हणाले, "थांब. आज मी बघतो. तुझ्याकडून काहीतरी चुकतंय." गुडघ्यावर हात टेकत ते जिना चढले. ती स्वयंपाकघरात चहाचं आधण बघत उभी राहिली. वरून पत्रा आपटल्याचा आवाज आला, मग त्यांचा.

खाली आले तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी चांगलाच चावा होता. नव्या नराचाही कान फाटला, म्हणाले.

"तुम्ही नराला तिच्या पिंजऱ्यात सोडलंत?"

"तिला उचलता येईना. पाय झाडते. म्हटलं, हाच शांत आहे, यालाच नेऊ."

तिनं जखम साबणानं धुतली. बराच वेळ नळाखाली हात धरायला लावला.

"तासभर लोकांना सांगता की हो हे," ती म्हणाली.

"सांगणं वेगळं." ते नळाखालच्या तिच्या मनगटाकडे बघत होते. तिथे एकही ताजा ओरखडा नव्हता. मग म्हणाले, "कुमुद, तू नेतच नव्हतीस ना माद्यांना?"

"नाही."

"मी नवा नर आणला. तेव्हा तरी बोलायचंस."

"बोलले होते मी. दोन दिवाळ्या बोलले. तुम्हाला नर बदलायचं सुचलं."

बळवंतरावांनी नळ बंद केला. "चला, आधी इंजेक्शन घेऊन या," तिनं टॉवेल पुढे केला. "आल्यावर चहा."

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी अनुरागला फोन लावला. कुमुदिनी भाजी चिरत ऐकत होती. सांगतील, थंडी संपेपर्यंत थांबा म्हणून. नाहीतर कान फाटलेल्या नरावर ढकलतील.

"नहीं जी, इस बार बच्चे नहीं होंगे," ते म्हणत होते. "अगले साल भी नहीं. नर ठीक है... नहीं, घर में हो नहीं पाता अब."

घर में. बायको दमली, असं नाही म्हणाले. तिनं ते शब्द मनात एकदा फिरवून पाहिले आणि पुरे आहेत असं ठरवलं. वरचे ससे अजून पाच-सहा वर्षं तरी जगतील, हे तिला ठाऊक होतं. पण त्यात भर पडणार नव्हती.

भाजी फोडणीला टाकून तिनं गॅस बारीक केला आणि नव्या नराच्या कानाला लावायला हळद घेऊन ती वर गेली.