आभाल धरलास का?

"आभाल धरलास का, बाय?"

कुठलाही भाव सांगा, आमच्या दूधवाल्या काकांचा पहिला प्रश्न हाच. फ्लॅट असो, भेंडी असो की शेअर, डोळे बारीक करून बोट वर. 'ळ' त्यांच्या जिभेवर कधी टिकलाच नाही.

पालेगावात आमची इमारत उभी आहे ते त्यांच्या वडिलांचं शेत. सकाळी दूध घालायला काका सातव्या मजल्यावर यायचे, किटली दाराशी ठेवायचे आणि थेट बाल्कनीतल्या खुर्चीत. थंडीत खाली नुसतं धुकं. "मी आमच्या शेतानच बसलूय," म्हणायचे, "फक्त जरा वर." त्या पांढऱ्यात आमची बाल्कनी कुठेतरी निघालीय असं मलाही वाटायचं. चहा निवून जायचा.

वडिलांनी जमीन विकताना भाव लावला तो भाताचा. एवढं पिकतं, म्हणून एवढे द्या. घेणाऱ्याने घासाघीसही केली नाही. "तवाच समजाया पायजे होता," काका म्हणायचे. "बापानं जमीन इकली न् वरचा आभाल फुकट दिला."

आता एकच खाचर उरलं होतं, आमच्या इमारतीच्या अगदी पायाशी. काकू त्यात पावसाळ्यात भात आणि थंडीत वाल लावायच्या. ते विकायचं आणि सगळा पैसा एकाच कंपनीत घालायचा, असं काकांनी घेतलं डोक्यात. कंपनी संगणकांना अक्कल पुरवणारी. मी उल्हासनगरला हिशोबाच्या ऑफिसात, त्यामुळे आमची रोज जुंपायची.

"काका, नफा बघा केवढासा आणि भाव बघा केवढा! डोकं फिरलंय लोकांचं."

"तू भात मोजतेस, बाय. आभाल?"

"अहो, आभाळच मोजलंय त्यात! कंपनी नुसती वाढून भागायचं नाही. लोकांनी धरलंय त्याहून जास्त वाढायला हवी."

काकांनी फुंकून चहावरची साय बाजूला केली. "म्हंजे आपून घ्याचा तो आभालाच्या वरचा आभाल."

"हां, तसंच."

"हाय का पन तिता काय?"

मी खो खो हसले. ते हसले नाहीत. त्या खाचरावरून काकूंनी त्यांच्याशी अबोला धरला होता. शेअर आपटला तर दोघांच्या पायाखाली काहीच उरणार नव्हतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

खरेदीखताच्या सहीच्या आदल्या दिवशी त्यांनी चहालाही हात लावला नाही. "खरा सांग. भाव बराबर हाय का?"

हुशारी दाखवायला खूप जागा होती. पण त्यांच्याकडे बघून मी म्हटलं, "नाही माहीत, काका. कुणालाच माहीत नाही."

तेवढ्यात खालून हाक आली, "ओ, येताव का? वाल खुरपाचा हाय!" किती तरी दिवसांनी काकूंनी तोंड उघडलं होतं. काका उठले, किटली विसरून खाली गेले. सही झाली नाही.

पुढे तो शेअर वाढला. चांगलाच वाढला, मेला. मी विषयच काढला नाही, काकाच म्हणाले, "होता गं बाय, तिता आभाल होता." हसले. पण चहा अर्धा टाकून गेले.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. मला अजून सकाळी दाराशी किटली वाजल्यासारखं होतं.

परवा खरंच वाजली. दारात काकू. लिफ्टची भीती म्हणून सात मजले चढून आल्या होत्या, धापा टाकत. मी त्यांना त्याच खुर्चीत बसवलं.

"रोज हिता बसून काय बघाचे गं ते?"

"आभाल," मी म्हटलं. माझ्याही तोंडून तसंच आलं.

धुकं हळूहळू विरळ होत होतं. काकूंनी वर पाहिलंच नाही. कठड्यावर हात ठेवून त्या खाली वाकल्या.

"आगो बाय," त्या हळूच म्हणाल्या, "हितून तं आमचा वाल दिसतो. त्यांना मी पन दिसत आसन."