धूर वर, आपण खाली

बेहाला या आमच्या भागातल्या, माझ्या मुलीच्या शाळेत अग्निशमन दलाचा एक ढेरपोट्या जवान आला होता. धुरातून कसं निसटायचं ते दाखवायला तो वर्गभर रांगला, उठून शर्ट खोचला आणि आम्हा पालकांनाही रांगायला सांगू लागला. मी साफ नकार दिला.

"दादा, धूर इज्जत बघत नाही," तो हसून म्हणाला.

त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्याच संध्याकाळी हावड्याचा व्यापारी मी बनवलेले पंखे घाऊक घ्यायला घरी आला होता. सौदा ठरतच आला होता, तेवढ्यात बायकोने ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या. घरभर धूर आणि ठसका.

"काका, खाली! रांगा!" मुलगी ओरडली.

व्यापारी घाबरून दाराकडे रांगत सुटला. सौदा जातोय म्हटल्यावर मीही त्याच्यामागे रांगलो आणि जिन्यापाशी त्याला गाठलं.

"मिरच्या आहेत हो, उठा!"

तो जमिनीवरूनच म्हणाला, "आधी भाव उतरवा, मग उठतो."

उतरवला.