भिंत आणि उरलेली रोपं

जानेवारीच्या भर उन्हाळ्यात कॅनबेऱ्याचा पारा एक्केचाळीसवर गेला आणि झ्वोन्कोची चारांपैकी दोन रोपं करपली.

गांजाची रोपं, वीतभर उंचीची. घरी चार लावायला इथे परवानगी आहे, पण उघड्यावर. दिवे-पंखे लावून नाही. त्याला हौस नव्हती. केमोनंतर त्याच्या बायकोच्या, नेवेंकाच्या, तळपायांची आग व्हायची. गोळ्यांनी उलट्या. गेल्या सालच्या झाडाचं तेल जिभेखाली घेतलं की ती झोपायची. बाटलीत आता बोटभरही उरलं नव्हतं.

पहिली पेरणी नोव्हेंबरच्या गारठ्यानं गेली. दुसऱ्या पेरणीआधी झ्वोन्कोनं वाफ्याच्या दक्षिणेला काळपट विटांची भिंत बांधली. इथे ऊन उत्तरेकडून येतं; दिवसा ते विटा धरून ठेवतील आणि रात्री रोपांना देतील. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाचा हिशेब. आता पानांनी मान टाकली की तो पाणी घालायचा. दुपारी, चारला, पुन्हा सहाला.

शेजारची डॉट कुंपणावरून म्हणाली, "भिंतीला हात लाव, गवंडीबुवा."

त्यानं लावला आणि झटकन मागे घेतला.

"रोपं भट्टीपुढे लावलीस. वर मुळं पाण्यात उकडतोयस."

"उपटून सावलीत लावू?"

"या उन्हात? मग ही दोनही गेली म्हण. भट्टी हलव."

पहाटे पाचला त्यानं रोपांना पाणी दिलं आणि छिन्नी-हातोडा घेतला. काम स्वतःचंच, सिमेंटचा माल चोख कालवलेला. पहिली वीट सुटायला अकरा मिनिटं लागली. एक वीट निसटली तर रोप गेलं. प्रत्येक वीट दोन्ही हातांनी धरून तो कुंपणापाशी रचत होता.

खिडकीतून नेवेंका ओरडली, "अरे, बहात्तर वर्षांचा आहेस! मरशील, आणि खड्डा मला खणायला लावशील."

"तू? तुला कुदळ तरी धरता येते का?"

"छातीत दुखतंय का, ते सांग."

"नाही," तो म्हणाला. छातीत भीती होती. ती सांगण्यासारखी नव्हती.

दहाला भिंत भुईसपाट झाली. चार खुंटांवर त्यानं पांढरं कापड ताणलं, खालून हवा खेळेल इतकं उंच. बुंध्यापासून दोन बोटं सोडून पेंढा पसरला. मातीत बोट खुपसलं. ओल होती. आता करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्याला जमत नव्हतं.

दोनला पारा त्रेचाळीसवर. दोन्ही रोपं लोंबली. झ्वोन्कोनं झारी उचलली.

"ठेव खाली!" डॉट कुंपणावरून खेकसली. "तहानलेली नाहीत ती, दमलीत. माणसासारखं बस जरा."

तो बसला. तिसऱ्या पेरणीला हंगाम उरला नव्हता. ही गेली तर हिवाळाभर नेवेंका रात्ररात्र घरात येरझारा घालणार, आणि तो पडल्या पडल्या तिची पावलं ऐकणार.

सातला एका रोपाची पानं उचलली. दुसरं शेंड्यापासून वाळत आलं होतं.

नेवेंका दारापर्यंत आली, तळपाय न टेकता, टाचांवर. "किती?"

"एक."

"पुरेल?"

"नीट वाढलं तर."

"उद्या पारा किती?"

"चव्वेचाळीस," तो म्हणाला आणि कापडाची सैल झालेली दोरी पुन्हा आवळायला लागला.