शेठची तीस नियमांची यादी

पाहुण्यांना दिवसावारी भाड्याने दिले जाणारे शेठचे फ्लॅट मी सांभाळतो आणि लिंबायत वस्तीतल्या मावशी ते साफ करतात. मावशी कुणालाच साहेब म्हणत नाहीत; शेठसुद्धा ‘भाऊ’च. शेठने सफाईचे तीस नियम काढले, वेळ मात्र तोच एक तास. यादी मीच टाइप केली आणि घरातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून मावशींना ऐटीत वाचूनही दाखवली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आतून कडी लावली. तास उलटला. पाहुणे नवराबायको बाहेर बॅगांवर बसून राहिले. शेठने येऊन दारावर थापा मारल्या. ‘उघड, नाहीतर उद्यापासून येऊ नको!’

‘नाही येणार, भाऊ. पण आज तीसच्या तीस करूनच उघडीन. आता सतरावा चाललाय.’

शेठ माझ्याकडे वळला. ‘तू सांग तिला.’

मी तीन खुर्च्या आणल्या. दोन पाहुण्यांना दिल्या, एक शेठला.