टॉवर खाली घे, चिहारु

आमच्या जपानातल्या नोतोच्या किनाऱ्यावर हिवाळी विजा गडगडायला लागल्या की सगळ्या गावाला आनंद होतो. बुरी मासा खाडीत आला, असा त्याचा अर्थ. कोळी जाळी सावरतात, घराघरांत माशाबरोबर शिजवायला मुळे चिरले जातात, आणि माझ्या दुकानात दाढीला बसलेली गिऱ्हाइकं तोंडावर साबण असताना मान वळवून समुद्राकडे बघतात. किती वेळा ओरडलो असेन, ऐकत नाहीत. अख्ख्या गावात तेव्हा घाबरायचा तो एकटा हामादे यासुकिची.

यासुकिची माझा शाळेतला दोस्त आणि आता शेजारी. जन्मभर बर्फाच्या कारखान्यात नोकरी केली आणि उरलेला वेळ रेडिओला दिला. आम्ही दोघंही हौशी रेडिओवाले. मी परसातल्या बांबूला तार बांधून गप्पा मारणारा आळशी माणूस. त्याने मात्र घरामागे अँटेनासाठी टॉवर उभा केला. एकात एक बसणारे लोखंडी जाळीचे भाग आणि खाली हँडल. हँडल फिरवलं की तारेचा दोर आतले भाग वर ओढतो, उलटं फिरवलं की ते आपल्याच वजनाने खाली सरकतात.

एवढा टॉवर बांधला, आणि माणूस पहिल्या नंबरचा भित्रा. वीज पडलीच तर जमिनीत जावी म्हणून त्याने टॉवरच्या चारी बाजूंना तांब्याच्या कांबी जमिनीत खोल ठोकल्या, जाड पट्टीने एकमेकींना जोडल्या. घरात शिरणारी प्रत्येक केबल आधी त्या पट्टीशी जोडून मगच आत घेतली. खाऱ्या वाऱ्याने सांधे हिरवे पडतात, म्हणून दर वर्षी थंडीच्या आधी ते उघडायचे, घासायचे, पुन्हा आवळायचे. त्याची बायको फुमिए होती तोवर मला म्हणायची, "भावोजी, आमच्या बागेत मुळ्यांपेक्षा तांबंच जास्त पेरलंय. उगवलं की देते हं तुम्हालाही जुडीभर."

एवढं करूनही लांब कुठे ढग दिसला की हा टॉवर खाली घेणार, केबली काढून अंगणात फेकणार आणि रेडिओकडे पाठ करून बसणार. आमच्या रेडिओ क्लबात त्याचं नावच 'खाली-घे' पडलं होतं. हाक मारली तर तो ओ पण द्यायचा.

त्या भीतीचं मूळ मला ठाऊक होतं. तरुणपणी एकदा क्लबातल्या ओकुमुराच्या टॉवरचा आतला भाग मध्येच अडकला आणि दोर सैल पडला. "एक लाथ घालतो, येईल खाली," म्हणत ओकुमुरा वर चढला. त्याचे पाय जाळीच्या आडव्या कांबीवर, बोटं आतल्या बाजूला, आणि अडकलेला भाग सुटून खाली आला. आवाज अगदी लहान झाला. खाली पडलेला बूट यासुकिचीने उचलला, तर तो त्याला जड लागला. ओकुमुरा जगला, पण पुढे कुबड्यांवर. यासुकिची त्याविषयी कधीच बोलला नाही. फक्त घाबरायला लागला.

त्याची एकुलती एक मुलगी चिहारु मात्र आईवर गेलेली. फुमिए गेल्यावर ती कानाझावातली नोकरी सोडून बापाजवळ येऊन राहिली, रेडिओचा परवाना काढला आणि वर्षभरात आम्हा दोघांना मागे टाकलं. बापाने टॉवरवर पट्टा बांधूनच चढायला सांगितलं की म्हणायची, "बाबा, तुम्ही अंथरुणात शिरतानाही पट्टा बांधता का हो?" आणि मी हसायचो. बूट जड लागल्याची गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.

त्या दुपारी यासुकिची माझ्या खुर्चीत होता. अर्धी दाढी झाली होती. खाडीवर आभाळ शाईसारखं झालं आणि पहिली गडगड ऐकू आली.

"तिने खाली घेतला असेल ना रे?" तो म्हणाला.

"घेतला असेल. हलू नकोस, गाल कापला जाईल."

पण तो उठला. खिडकीतून त्याच्या घराचं छप्पर दिसतं, आणि छपरामागे टॉवर पूर्ण उंच उभा होता. तो गळ्यात टॉवेल तसाच घेऊन धावला. मी मागोमाग, हातात वस्तरा.

चिहारु टॉवरवर होती, माणसाच्या डोक्याहून थोडी वर. कुठल्याशा लांबच्या बेटावरून तिला उत्तर आलं होतं, आणि आम्हा रेडिओवाल्यांचं जे व्यसन तेच तिला नडलं: अजून एकच, मग बंद. गडगड ऐकली तेव्हा घाईत वर न बघता तिने हँडल उलटं फिरवलं. वर केबल जाळीत गुंतली होती, भाग तिथेच लटकला, आणि दोर नुसता सुटत जाऊन पुलीवरून उतरला. त्याचं सैल वेटोळं वाऱ्यात हलताना मला दिसलं.

"बाबा, अडकलाय हो! एक लाथ घातली की येईल!"

तेच शब्द. यासुकिचीने माझ्याकडे पाहिलं.

"चिहारु," तो अगदी हळू म्हणाला, "पाय हलवू नकोस."

"अहो, विजा कडाडतायत आणि तुम्ही—"

"काहीच हलवू नकोस, बाळ. श्वास घे फक्त."

भिंतीला एक लोखंडी पाइप टेकवून ठेवलेला होता. तो त्याने उचलला. मी पुढे झालो तर म्हणाला, "तोकु, तू हात लावू नकोस. टॉवर हलेल." आणि हा माणूस, ज्याने स्टुलावर चढतानाही मला स्टूल धरायला लावलं, तो समोरच्या बाजूने चढला. तिच्या पायांच्या वर आणि लटकलेल्या भागाच्या खाली पाइप आडवा घालायचा होता. पाइपचं टोक पलीकडच्या जाळीतून बाहेर काढायला हात आत घालावा लागतो. त्याने घातला. मी खाली वस्तरा धरून बुद्धाचं नाव घेत होतो, नामु अमिदा, नामु अमिदा, आणि पुढचे शब्द विसरलो होतो.

वीज समुद्रावर पडली. पांढरा उजेड झाला, वाऱ्याचा झोत आला, वरची केबल तुटली.

आवाज या वेळीही लहानच झाला. पाइप वाकला, पण सुटलेला भाग त्यावरच अडला.

दोघं कशी उतरली मला आठवत नाही. मला वाटलं, आता हा तिच्या कानाखाली वाजवणार. चिहारु ओल्या मातीत बसली होती. यासुकिची तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, अर्ध्या तोंडावर साबण वाळलेला. त्याने तिचे बूट सोडले, मोजे ओढून काढले आणि पायाचं एकेक बोट चाचपायला लागला, सुईण नवं मूल चाचपते तसा.

"बाबा, आत चला ना. वीज पडेल."

"थांब."

तिच्या उघड्या पायावर मला रक्त दिसलं. मग चिहारु किंचाळली. रक्त तिचं नव्हतं. तिची बोटं मोजणाऱ्या त्याच्या उजव्या हातालाच दोन बोटं कमी होती.

"बाबा, तुमचा हात! तोकुकाका, यांचा हात बघा!"

"थांब म्हटलं ना," यासुकिची चिडून म्हणाला, "चुकतंय माझं," आणि त्याने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.