बोकडाच्या दाढीची मासोळी

माझ्या पांढऱ्या बोकडाची दाढी कोणी कापली, हे कामरगावात सगळ्यांना ठाऊक आहे. कापणारा मात्र अजून कबूल होत नाही. तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि त्याचं नाव लखीराम. वय अठ्ठावन्न. पोळ्याच्या बैलांसाठी गोंडे बांधावेत तर यानेच. चाळीस वर्षं दुसरा धंदा केला नाही. पण बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरच्या शिंगाला गोंडा कुठं बांधणार? पोळ्याचा दीड महिना सोडला तर माणूस ओट्यावर बसून माशा मोजायचा. शेवटी नागपूरच्या मुलानं, हरीओमनं, आपल्याच बिल्डिंगमध्ये चौकीदाराची जागा बोलून ठेवली. दिवाळी झाली की निघायचं ठरलं. तेव्हापासून लखीराम गावाच्या वेशीपर्यंत विनाकारण चकरा मारू लागला, हे मी पाहिलं. मी पाहतोच.

तेवढ्यात पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. लखीरामच्या भाचीनं मोबाइलवर टाकलेला त्याचा गोंडे बांधतानाचा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. बाई मासेमारीचं सामान अमेरिकेत पाठवतात. तिकडं बास नावाचा मोठा मासा आहे, तो लहान मासोळ्या गिळतो. म्हणून गळाच्या हुकावर केस आणि जरीचे धागे बांधून खोटी मासोळी करायची, पाण्यातून ओढली की खरी वाटली पाहिजे. बाईंनी हुक आणि एक नमुना पाठवला. सहा करून द्या, पसंत पडल्या तर वर्षभर काम, असं म्हणाल्या.

"जानराव," लखीराम मला म्हणाला, "हे जमलं तं मी नागपूरले जात नाई."

"अन् नाई जमलं तं?"

"तं जातो ना बाप्पा. दुसरं काय करू?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाचं गावात राहणं आता सहा मासोळ्यांवर आहे.

सायकलवाल्याकडून त्यानं छोटा शिकंजा आणला, त्यात हुक पकडला. हुकाच्या दांडीवर दोरा गुंडाळून खाली पांढरे केस (माझा बोकड, दुसरं काय!), मधे बाशिंगाची चंदेरी जर, वर हिरवे रंगवलेले केस. दोन बाजूंना त्याच्या बायकोच्या, भागिरथा वहिनींच्या, दोन टिकल्या, म्हणजे डोळे. दोरा सुटू नये म्हणून त्यावर वहिनींचीच नखपॉलिश. वहिनी आठवडाभर बिनाटिकलीच्या फिरत होत्या.

"आवो, माह्यासाठी एक तरी ठेवा," त्या म्हणायच्या.

"तुह्याकडे कोण पाह्यते आता?" हा म्हणायचा, आणि मार खायचा.

पहिली मासोळी आम्ही बैलांच्या टाक्यात ओढून पाहिली. भिजलेली खारूताई निघाली. कारण उघड होतं. गोंडा भरदार पाहिजे, हे या माणसाच्या बोटांत इतकं मुरलेलं की थोडक्यात आवरणं त्याला माहीतच नाही.

"लखूभाऊ, हे मासोळी नाई, बैलाचं शेपूट हाय," मी म्हणालो.

"तू गप बस बे. बोकडावरून जळून राह्यला तू."

पण रोज दोन-दोन केस कमी करत त्यानं ती बारीक केली. सहाव्या दिवशी टाक्यात ओढली तेव्हा पाण्यात एक चमक पुढं गेली आणि वळली. मी त्याला ती पुन्हा ओढायला लावली. लखीरामनं रात्रभर जागून उरलेल्या पाच बांधल्या आणि दुसऱ्याच दिवशी कारंज्याला जाऊन सहाही कुरिअर केल्या.

तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी जीपच्या आरशाला गोंडा बांधताना त्यानं काळा दोरा मागितला.

"संपला," वहिनी आतून म्हणाल्या. "त्या मासोळ्याइले नाई का बांधला तुमी?"

लखीरामचा हात थांबला. "म्या? काळा दोरा?"

"सहाईले. गळ्यापाशी. मले वाटलं बाईनंच सांगतलं."

आमच्याकडं गोंडा पूर्ण झाला की मानेला काळ्या दोऱ्याचा एक वेढा देतात. बैलाला नजर लागू नये म्हणून. चाळीस वर्षं शेवटचा वेढा काळाच. बोटांनी तो आपला आपण दिला होता. नमुन्यात काळं कुठंच नव्हतं.

"बरं झालं," मी म्हणालो. "आता अमेरिकेतल्या माशाची नजर नाई लागत तिले."

तो हसला नाही. जेवलाही नाही धड, चार दिवस. वहिनींनी नागपूरसाठी गोधड्या उन्हात टाकल्या. मीही मग चेष्टा बंद केली, आणि मी गप्प बसलो की गावात कुणी तरी आजारी आहे असं लोक समजतात.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"काका, गळ्याजवळ ते काळं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चुकलं, बाई. हाताची सवय हाय. म्या मुद्दाम नाई केलं."

"अहो, चुकलं काय! तिकडच्या त्या चंदेरी मासोळीच्या कल्ल्यामागं असाच काळा ठिपका असतो. माझ्याच नमुन्यात तो द्यायचा राहून गेला होता. तो काढू नका, कळलं? दोन मात्र जाड आहेत, परत पाठवते. बाकी चार पास. होळीपर्यंत तीनशे होतील?"

लखीराम माझ्याकडं पाहू लागला. मी होकारार्थी मान हलवली. तो फोनमध्ये मान हलवू लागला.

"हो म्हणा ना तोंडानं!" वहिनी ओरडल्या.

"हो," तो म्हणाला. एवढंच.

हरीओमला सांगायची त्याची हिंमत होईना. पोरानं बिल्डिंगच्या सेक्रेटरीला शब्द दिलेला. वहिनींनीच फोन लावला. "हरीओम, तुह्या बिल्डिंगले दुसरा माणूस पाह्य. तुह्या बाले इथंच काम भेटलं."

तिकडून पोराचा मोठा श्वास ऐकू आला.

"बरं झालं, माय. बा इथं आला का लिफ्टमधी पाय ठेवत नाई, सात माळे पायी चढते. सेक्रेटरीले हे कसं सांगू, याचंच मले गंज टेन्शन होतं."

"कायले सांगतलं त्यानं आता?" लखीराम पुटपुटला. कान लाल झाले होते. मग तिथंच भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "भाकर हाय का काही? लय भूक लागली."

त्या सकाळी त्यानं चार भाकरी खाल्ल्या. मोजल्या मी. चौथी माझ्या घरून गेली.